गंभीर पक्षाघातानंतर रुग्ण किती सावरेल, हे डॉक्टरांना कितपत अचूक सांगता येते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरालिसिसचा मोठा झटका येऊन किंवा ब्रेन हॅमरेज होऊन रुग्ण अतिदक्षता विभागात असतो, आणि बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते : पुढे काय होणार? या प्रश्नाला डॉक्टर जे उत्तर देतात ते कशावर बेतलेले असते, कुठे भरवशाचे असते आणि कुठे कच्चे असते, याची माहिती येथे दिली आहे. कच्च्या अंदाजावर पक्का निर्णय घेतला गेला तर त्याची किंमत रुग्ण मोजतो, म्हणून या विषयाकडे बारकाईने पाहणे आवश्यक वाटते. प्रत्येक रुग्णाची स्थिती वेगळी असते; त्याच्याविषयीचा अंतिम सल्ला त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच असला पाहिजे.

पक्षाघात ‘गंभीर’ आहे असे कशावरून ठरवतात?

पक्षाघाताचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात गुठळी अडकून मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो. दुसऱ्यात रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. दोन्हींत रुग्णाची शुद्ध, नजर, चेहरा, हातपायांतील ताकद, बोलणे, समजणे हे सारे तपासून ० ते ४२ गुण देणारी ‘एनआयएचएसएस’ ही मोजणी जगभर वापरली जाते. गुण जितके जास्त तितका झटका मोठा. साधारणतः १५ च्या पुढे तो गंभीर आणि २० च्या पुढे अतिगंभीर समजतात. या मोजणीत बोलण्याशी निगडित बाबींना अधिक गुण आहेत. त्यामुळे बहुसंख्य लोकांत जिथे भाषेचे केंद्र असते त्या डाव्या मेंदूला इजा झाली की गुण चढतात, आणि उजव्या बाजूला तेवढीच इजा होऊनही आकडा कमी दिसतो. भाकिताचा पहिला आधारच असा थोडा एका बाजूला झुकलेला आहे.

‘७२ तास काही सांगता येणार नाही’ असे डॉक्टर का म्हणतात? ते वेळ मारून नेणे असते का?

नाही. या वाक्यामागे मेंदूत घडणाऱ्या प्रत्यक्ष गोष्टी आहेत. रक्तस्राव झालेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांत पहिल्या काही तासांत, क्वचित दिवसभरापर्यंत, रक्ताचा गोळा आणखी वाढतो. गुठळीमुळे मेंदूचा मोठा भाग निकामी झाला असेल तर त्या भागाला सूज येते आणि ती बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान कळसाला पोहोचते. शिवाय रुग्ण डोळे उघडत नाही याचे कारण दर वेळी मेंदूची इजाच असते असे नाही. व्हेंटिलेटरसाठी दिलेले गुंगीचे औषध, ताप, रक्तातील सोडियमची घसरण, बाहेरून न दिसणारे फिट्सचे झटके यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. ही कारणे दूर होईपर्यंत शुद्धीवरून बांधलेला अंदाज अपुराच राहतो.

मात्र ७२ तास उलटले की सारे स्पष्ट होते, असाही याचा अर्थ नाही. त्या काळात मुख्यतः तातडीचा धोका कळतो. रुग्ण पुढे चालेल का, बोलेल का, हे प्रश्न त्यानंतरच्या आठवड्यांचे आणि महिन्यांचे आहेत.

मग डॉक्टरांचा अंदाज एकूण कितपत बरोबर येतो?

या प्रश्नावर झालेल्या दोन अभ्यासांचे निष्कर्ष वरवर पाहता एकमेकांविरुद्ध जातात, आणि त्यांच्यातील फरक समजला की विषयाचा गाभा समजतो.

पहिला अभ्यास कॅनडात झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षाघाताच्या उपचारांचा अनुभव असलेल्या १११ वैद्यकीय तज्ज्ञांसमोर गुठळीमुळे पक्षाघात झालेल्या खऱ्या रुग्णांची माहिती ठेवण्यात आली आणि मृत्यूची किंवा अपंगत्वाची शक्यता किती टक्के, हे त्यांना सांगायला लावले. रुग्णालयातील मुक्काम संपताना रुग्ण मृत किंवा अपंग असण्याविषयीचा त्यांचा आकडा प्रत्यक्ष प्रमाणाच्या स्वीकार्य मर्यादेत केवळ सुमारे १७ टक्के वेळा बसला. वय, झटक्याची तीव्रता, आधीचे आजार अशा बाबींवरून आकडेमोड करणारे ‘आयस्कोअर’ हे साधन मात्र सुमारे ९० टक्के वेळा बरोबर आले.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, २०१६ चा. तेथे मेंदूत रक्तस्राव झालेल्या १२१ रुग्णांवर प्रत्यक्ष उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना सुरुवातीच्या २४ तासांतच विचारले गेले की तीन महिन्यांनी हा रुग्ण कोणत्या अवस्थेत असेल. या वेळी माणसांचा अंदाज प्रत्यक्ष परिणामाशी गुणपत्रिकांपेक्षा, म्हणजे रुग्णाच्या स्थितीला गुण देऊन भाकीत करणाऱ्या साधनांपेक्षा, अधिक जुळला; परिचारिकांचा अंदाज डॉक्टरांच्या जवळजवळ बरोबरीचा होता.

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, कारण दोन्हीकडे तपासलेली गोष्ट निराळी होती. रुग्णाच्या खाटेशी उभा असलेला अनुभवी माणूस कोणाची अवस्था कोणापेक्षा वाईट आहे हे चांगले ओळखतो. श्वासाची लय, हात दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद, आधीच्या संध्याकाळपेक्षा आज काय बदलले, हे कोणत्याही गुणपत्रिकेत नसते. पण त्याच माणसाला ‘टक्के किती’ असे विचारले की त्याचा आकडा भरकटतो. म्हणून ‘हा रुग्ण फार गंभीर आहे’ या डॉक्टरांच्या म्हणण्याला जितके वजन द्यावे, तितके ‘वाचण्याची शक्यता पाच टक्के’ या आकड्याला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि रात्रपाळीच्या सिस्टरने ‘आज हाक मारल्यावर नजर वळवली’ असे सांगितले, तर ती गोष्ट राउंडच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर अवश्य घालावी.

ब्रेन हॅमरेजचा ‘स्कोअर’ काढतात तो काय असतो?

बहुतेक ठिकाणी ‘आयसीएच स्कोअर’ वापरतात. २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील डॉक्टरांनी तो तयार केला, आणि तो इतका सोपा आहे की कागदाच्या कपट्यावर काढता येतो. एक उदाहरण पाहू. रुग्ण ६८ वर्षांचा आहे. शुद्ध मोजण्याच्या ‘ग्लासगो’ मापनात त्याला १५ पैकी ९ मिळाले आहेत, म्हणून एक गुण. सीटी स्कॅनवर रक्ताच्या गोळ्याची लांबी ४.५, रुंदी ३.८ आणि उंची ४ सेंटिमीटर आहे. तिन्हींचा गुणाकार करून निम्मे केले की सुमारे ३४ मिलिलिटर येतात, आणि ३० किंवा त्याहून अधिक असल्यास एक गुण. रक्त मेंदूतील पोकळ्यांमध्ये उतरले आहे, आणखी एक गुण. वय ८० च्या आत आहे आणि रक्तस्राव मेंदूच्या खालच्या, लहान मेंदूच्या भागात नाही, म्हणून त्या दोन बाबींचे गुण शून्य. बेरीज तीन.

मूळ अभ्यासात तीन गुण मिळालेल्यांपैकी ७२ टक्के रुग्ण ३० दिवसांच्या आत दगावले होते. नातेवाइकांच्या कानावर येतो तो हाच आकडा. परंतु त्या अभ्यासात रुग्ण होते एकूण १५२, आणि तीन गुणांचे अवघे ३२. त्यांपैकी २३ जणांचा मृत्यू झाला. एवढ्या लहान गटावरून गणिताने काढले तर खरे प्रमाण साधारण ५५ ते ८४ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. हा आकडा एका शहरातील, पाव शतकापूर्वीच्या रुग्णगटाचा आहे. समोरच्या रुग्णाविषयी तो एवढेच सांगतो की अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण मोठे होते. हा रुग्ण दगावणाऱ्यांतला की वाचणाऱ्यांतला, हे तो सांगू शकत नाही. स्कोअर रुग्णांची तुलना करण्यासाठी आणि डॉक्टरांना आपापसात एका भाषेत बोलता यावे म्हणून उपयोगी आहे. उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे, याचा निवाडा एकट्या स्कोअरवर करू नये.

‘भाकीत स्वतःच स्वतःला खरे करते’ असे म्हणतात, त्याचा अर्थ काय?

या संपूर्ण विषयातील सर्वांत गंभीर दोष हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे.

समजा, पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले की या रुग्णाला काही भवितव्य नाही. कुटुंबाने ते मान्य केले. मग रुग्णाला व्हेंटिलेटर लावला गेला नाही, किंवा लावलेला काढला; न्यूमोनिया झाला तेव्हा वरचे प्रतिजैविक सुरू झाले नाही; शस्त्रक्रियेचा विचार झाला नाही. रुग्ण गेला. डॉक्टरांच्या नोंदीत भाकीत बरोबर ठरले, आणि पुढच्या तशाच रुग्णाच्या वेळी त्यांची खात्री आणखी वाढली. रुग्ण इजेमुळे गेला की उपचार आवरते घेतल्यामुळे गेला, हे कोणालाच कळले नाही. असे रुग्ण ज्या अभ्यासात मोजले जातात त्या अभ्यासातून निघालेल्या गुणपत्रिकांमध्येही हाच दोष उतरतो.

२००१ मध्ये सिॲटलमधील संशोधकांनी या शंकेला प्रथम आकड्यांचा आधार दिला. मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांचा परिणाम ठरवणारी सर्वांत प्रभावी गोष्ट रक्ताच्या गोळ्याचा आकार किंवा शुद्ध नसून उपचार कोणत्या पातळीवर दिले गेले ही होती, असे त्यांना आढळले. त्यानंतर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात थेट कसोटी घेण्यात आली. ग्लासगो मापनात १२ किंवा त्याहून कमी गुण असलेल्या १०९ रुग्णांना पहिले पाच दिवस कोणतीही मर्यादा न घालता पूर्ण उपचार देण्याचे ठरले. आयसीएच स्कोअरनुसार त्यांपैकी सरासरी ५० टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावायला हवे होते. प्रत्यक्षात सुमारे २० टक्के दगावले. तीन महिन्यांनी चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक रुग्ण स्वतःच्या पायांवर चालण्याच्या अवस्थेत होते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : जे वाचले त्यांतील अनेक जण मोठ्या अपंगत्वासह वाचले. पूर्ण उपचार म्हणजे हमखास चांगले आयुष्य, असा दावा हा अभ्यास करत नाही. तो एवढेच दाखवतो की घाईने केलेल्या भाकितातला मृत्यूचा आकडा फुगलेला असतो. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की रुग्णाने आधीच आपली इच्छा नोंदवून ठेवलेली नसेल, तर हृदय बंद पडल्यास पुनरुज्जीवन न करण्याचा किंवा उपचार काढून घेण्याचा नवा निर्णय रुग्णालयातील किमान दुसरा पूर्ण दिवस संपेपर्यंत पुढे ढकलावा. कालावधीची ही मर्यादा मला किमान वाटते; शक्य असेल तिथे अधिक थांबावे.

दोन डॉक्टर दोन वेगळ्या गोष्टी का सांगतात?

मेंदूत रक्तस्राव झालेल्या काही नमुना-रुग्णांची लेखी माहिती अमेरिकेतील सातशेहून अधिक मेंदूविकारतज्ज्ञांना आणि मेंदूशल्यचिकित्सकांना पाठवून त्यांचा अंदाज विचारण्यात आला, तेव्हा एकाच रुग्णाविषयीही मृत्यूच्या शक्यतेची उत्तरे अगदी खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत पसरली, आणि उपचारांविषयीच्या शिफारशीही तितक्याच वेगवेगळ्या निघाल्या. रुग्ण तोच, कागद तोच. तेव्हा आपल्या दोन डॉक्टरांत मतभेद असेल तर त्यांपैकी एक अडाणी किंवा लबाड आहे असा निष्कर्ष काढू नये. अलीकडे पाहिलेला रुग्ण मनात ताजा असणे, अतिदक्षता विभागातून बाहेर पडल्यावर रुग्णाचे पुढे काय झाले हे कधीच न कळणे, ‘खोटी आशा दाखवली’ या आरोपाची धास्ती, ही सारी कारणे त्यामागे असतात. यांतील दुसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सहा महिन्यांनी काठी टेकत घराच्या ओसरीवर फिरणारा रुग्ण आयसीयूच्या डॉक्टरांना दिसतच नाही. त्यांना दिसतात ते तिथे दगावलेले.

रुग्ण पुन्हा चालेल का, हात हलवेल का, हे लवकर सांगता येते का?

येथे भाकिताची बाजू बरीच भक्कम आहे, आणि तपासणी कोणत्याही तालुक्याच्या दवाखान्यात होऊ शकेल इतकी साधी आहे. नेदरलँड्समधील एका मोठ्या अभ्यासात गुठळीमुळे पक्षाघात झालेल्या रुग्णांच्या पहिल्या ७२ तासांत फक्त दोन हालचाली पाहिल्या गेल्या : अधू हाताची बोटे थोडी तरी सरळ करता येतात का, आणि खांदा बाजूला उचलता येतो का. दोन्ही जमत असतील तर सहा महिन्यांनी त्या हाताला काही प्रमाणात कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के होती. दोन्ही जमत नसतील तर ती २५ टक्के होती, आणि नवव्या दिवसापर्यंतही जमले नाही तर १४ टक्क्यांवर आली. चालण्याबाबतही असेच दिसले. आधाराशिवाय बसता येणे आणि अधू पायात थोडी ताकद असणे, या दोन गोष्टी ७२ तासांत असतील तर सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे चालण्याची शक्यता ९८ टक्के, दोन्ही नसतील तर २७ टक्के, आणि नवव्या दिवशीही नसतील तर १० टक्के.

या आकड्यांत एक विषमता दडलेली आहे. चांगल्या चिन्हावरून केलेले भाकीत जवळजवळ निश्चित आहे. वाईट चिन्हावरून केलेले तसे नाही, कारण सुरुवातीला काहीच न हलवू शकणाऱ्या चार रुग्णांपैकी एकाचा हात पुढे काही काम करू लागतो. ही उणीव भरून काढण्यासाठी न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ‘प्रेप २’ ही पद्धत विकसित झाली. तीत हालचाल नसलेल्या रुग्णाच्या डोक्यावर चुंबकीय उद्दीपन देऊन मेंदूचा संदेश हाताच्या स्नायूपर्यंत पोहोचतो का, हे पाहतात. संदेश पोहोचत असेल तर हात आज निपचित दिसला तरी मार्ग शाबूत आहे. या पद्धतीचा अंदाज सुमारे ७५ टक्के रुग्णांत बरोबर ठरला. असे भाकीत हाती आल्यावर फिजिओथेरपिस्टांनी ज्या हाताला वाव आहे त्याच्यावर जोर दिला, ज्याला नाही त्या रुग्णाला एका हाताने कपडे घालणे, जेवणे शिकवले, आणि रुग्णालयातील मुक्काम सरासरी १७ दिवसांवरून ११ दिवसांवर आला. भाकीत उपचार थांबवण्यासाठी वापरण्याऐवजी उपचारांची दिशा ठरवण्यासाठी वापरले की त्याचा असा उपयोग होतो.

वाचा गेली आहे. ती परत येईल का?

सुरुवातीची तीव्रता हा येथेही सर्वांत मोठा निर्देशक आहे, पण वाचेचे भाकीत हातापायांच्या भाकितापेक्षा अधिक अनिश्चित असते. रुग्ण बोलू शकत नसला तरी त्याला समजत असू शकते. त्यामुळे त्याच्या उशाशी उभे राहून त्याच्याविषयी निराशेची चर्चा करू नये.

सहा महिन्यांत जे होईल तेवढेच, पुढे सुधारणा होत नाही, हे खरे आहे का?

अर्धवट खरे आहे. कोपनहेगनमधील १९९५ च्या प्रसिद्ध अभ्यासात ९५ टक्के रुग्णांनी दैनंदिन कामांतील आपली सर्वोत्तम अवस्था सौम्य झटक्यात साडेआठ आठवड्यांत, मध्यम झटक्यात १३, गंभीर झटक्यात १७ आणि अतिगंभीर झटक्यात २० आठवड्यांत गाठली होती. म्हणजे झटका जितका मोठा तितका सावरण्याचा काळ लांब, हे त्यातच स्पष्ट होते.

मोठ्या रक्तस्रावाच्या बाबतीत हा काळ आणखी लांबतो. दोन मोठ्या उपचार-चाचण्यांतील रुग्णांची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की महिन्याभरानंतर अंथरुणावर किंवा दुसऱ्याच्या आधाराशिवाय चालू न शकणाऱ्या अवस्थेत असलेल्या रुग्णांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जण वर्षाअखेरीस स्वतः चालण्याइतके सावरले होते. महिन्याच्या टप्प्यावर ज्याला ‘वाईट परिणाम’ म्हणून नोंदवले असते, त्यातला मोठा भाग अजून अपूर्ण असतो. चाचण्यांत निवडले गेलेले रुग्ण सर्वसाधारण रुग्णांपेक्षा थोडे बरे असतात आणि त्यांची देखभालही नीट होते, हे ध्यानात घेऊनही हा आकडा दुर्लक्षिण्यासारखा नाही.

डॉक्टर कवटीचे हाड काढण्याची शस्त्रक्रिया सुचवतात आणि ‘जीव वाचेल, पण अवस्था सांगता येत नाही’ असे म्हणतात. त्याचा अर्थ कसा लावायचा?

मोठ्या धमनीत गुठळी अडकून मेंदूच्या अर्ध्या भागाला प्रचंड सूज येते तेव्हा दाब मोकळा करण्यासाठी ही शस्त्रक्रिया करतात. ६० वर्षांपर्यंतच्या रुग्णांवरील तीन युरोपीय चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभराने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७८ टक्के जिवंत होते, न झालेल्यांपैकी २९ टक्के. ६० वर्षांवरील रुग्णांच्या २०१४ मधील जर्मन चाचणीतही मृत्यूचे प्रमाण ७० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आले. पण वाचलेल्या वयस्क रुग्णांपैकी पूर्णपणे स्वावलंबी कोणीच झाले नाही, आणि बहुतेकांना दैनंदिन कामांत मोठी मदत लागत राहिली.

अशा वेळी ‘परिणाम चांगला की वाईट’ हा प्रश्न वैद्यकीय राहत नाही. संशोधनात रँकिन मापनपट्टी वापरतात : ० म्हणजे कोणतीही तक्रार नाही, ३ म्हणजे मदत लागते पण स्वतः चालता येते, ४ म्हणजे दुसऱ्याच्या आधाराशिवाय चालता येत नाही, ५ म्हणजे अंथरुणाला खिळलेला, आणि ६ म्हणजे मृत्यू. ४ ही अवस्था चांगल्यात धरायची की वाईटात, यावर संशोधकांतच एकमत नाही. काही अभ्यास ती एका बाजूला टाकतात, काही दुसऱ्या. तेव्हा डॉक्टरांनी ‘चांगला परिणाम’ हे शब्द वापरले तर त्यांच्या मनात कोणती अवस्था आहे, हे नेमके विचारून घ्यावे. नातवंडांत बसून टीव्ही पाहणे, घरच्यांना ओळखणे, हाताने घास घेणे एवढे ज्याला पुरेसे वाटते त्याच्यासाठी ४ ही अवस्था जगण्याजोगी आहे. दुसऱ्या कोणाला ती असह्य वाटेल. रुग्ण या दोहोंपैकी कोणता होता, हे कुटुंबाइतके कोणालाच ठाऊक नसते.

असे परावलंबी जगणे रुग्णाला नकोसे होईल, असे आम्हाला वाटते. हा अंदाज बरोबर असतो का?

पुष्कळदा तो चुकतो. निरोगी माणसे अपंगत्वातील आयुष्य जितके दुःखी कल्पितात, तितके ते जगणाऱ्यांना वाटत नाही, ही गोष्ट वारंवार दिसून आली आहे. सर्वांत ठळक उदाहरण मेंदूच्या देठाला इजा होऊन केवळ डोळ्यांच्या हालचालीने संवाद साधू शकणाऱ्या रुग्णांचे आहे. अशा फ्रेंच रुग्णांच्या पाहणीत, २०११ मध्ये, उत्तर देणाऱ्या ६५ जणांपैकी ४७ जणांनी आपण सुखी आहोत असे सांगितले आणि १८ जणांनी दुःखी आहोत असे. उत्तर न देणाऱ्यांची अवस्था यात येत नाही, आणि दुःखी असलेल्या त्या १८ जणांचे दुःख कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही, शारीरिक अवस्थेचे भाकीत बरोबर आले म्हणजे समाधानाचे भाकीतही बरोबर येईल असे धरून चालता येत नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

हे सगळे आकडे परदेशातले आहेत. ते आपल्याकडे लागू होतात का?

शरीराचे नियम तेच असल्यामुळे बोटे हलण्यासारखी चिन्हे येथेही तोच अर्थ सांगतात. परंतु टक्केवारी जशीच्या तशी उचलता येत नाही. आपल्याकडे अनेक रुग्ण उशिरा पोहोचतात, घरी गेल्यावर फिजिओथेरपी आठवड्याभरात सुटते, आणि खाजगी अतिदक्षता विभागाचा खर्च झेपेनासा झाल्यामुळे रुग्णाला मध्येच घरी नेले जाते. पैशाअभावी थांबलेले उपचारही भाकिताला ‘खरे’ ठरवतात, याची नोंद कोणत्याही स्कोअरमध्ये नसते.

कुटुंबाने घरीच व्यायाम करून घेतल्यास ही उणीव भरून निघेल का, हे तपासण्यासाठी भारतात ‘अटेंड’ ही चाचणी झाली. देशातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्ण तीत सहभागी होते आणि तिचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण कुटुंबाने व्यायाम करून घेतलेल्या आणि फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या, अशा दोन्ही गटांत ४७ टक्के, म्हणजे सारखेच निघाले. यावरून घरच्यांची सेवा निरुपयोगी आहे असे समजू नये. थोडे प्रशिक्षण देऊन प्रशिक्षित थेरपिस्टांचे काम कुटुंबावर सोपवता येत नाही, असा त्याचा अर्थ आहे.

काळाचा फरकही मोठा आहे. मेंदूच्या मागील मुख्य धमनीतील गुठळीचे भवितव्य पूर्वी अतिशय वाईट समजले जाई. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चिनी चाचणीत गुठळी यंत्राने ओढून काढलेल्या रुग्णांपैकी ४६ टक्के तीन महिन्यांनी स्वतः चालू शकत होते, केवळ औषधोपचार मिळालेल्यांपैकी २३ टक्के. ही सोय होण्यापूर्वीच्या आकड्यांवरून आजच्या रुग्णाचे भाकीत करणे योग्य नाही.

उपचार थांबवण्याचा प्रश्न आलाच, तर भारतात कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे जीवरक्षक उपचार काढून घेण्याची पद्धत ठरवून दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सुटसुटीत केली. त्यानुसार उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ मत देते, आणि मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ यांचे दुय्यम मंडळ त्याची फेरतपासणी करते. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत निर्णय द्यावा, अशी अपेक्षा आहे. पाच-सहा डॉक्टरांनी स्वतंत्रपणे पाहावे, ही अट वर सांगितलेल्या मतभेदांच्या पार्श्वभूमीवर शहाणपणाची आहे.

‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत’ या कागदावर सही करणे ही निराळी गोष्ट आहे. तेथे कोणतेही मंडळ नसते आणि रुग्णाच्या वेदना व धाप कमी करण्याची व्यवस्थाही बहुधा नसते. सहीमागचे कारण खर्च असेल तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र, आणि मोठ्या शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. सही करण्याआधी त्यांना भेटावे.

डॉक्टरांशी बोलताना काय विचारावे आणि स्वतः काय टिपून ठेवावे?

‘पेशंट बरा होईल का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असेच उत्तर मिळते, आणि दोन्ही उत्तरे अपुरी असतात. त्याऐवजी जगण्याविषयी, चालण्याविषयी आणि बोलण्या-समजण्याविषयी वेगवेगळे विचारावे. सर्वांत चांगले काय होऊ शकते, सर्वांत वाईट काय, आणि सर्वांत संभवनीय काय, असे तिन्ही विचारावे. अंदाज कशावर बेतला आहे, गुंगीचे औषध चालू असताना तपासणी झाली का, आणि कोणती गोष्ट दिसली तर मत बदलेल, हेही विचारावे. शेवटचा प्रश्न फार उपयोगी ठरतो, कारण त्यातून पुढच्या दिवसांत कशाकडे लक्ष ठेवायचे ते कळते. ही चर्चा घरातल्या एकाच जबाबदार व्यक्तीने, शक्यतो त्याच डॉक्टरांशी करावी. थोरला मुलगा, जावई आणि गावाहून आलेले काका यांनी तीन वेळी तीन डॉक्टरांना विचारले की तीन उत्तरे घरात येतात आणि त्यांतले सर्वांत टोकाचे लक्षात राहते.

वहीत तारीख घालून लिहावे : बोट पहिल्यांदा कधी हलले, हाकेला कधी नजर दिली, आधाराशिवाय किती वेळ बसता आले. झटक्यापूर्वी रुग्ण स्वतः काय काय करत होता, बाजारात एकटा जात होता की काठी लागत होती, विसरभोळेपणा होता का, हेही लिहून डॉक्टरांना द्यावे. केस पेपरवर ते क्वचितच असते आणि भाकितासाठी मात्र ते फार महत्त्वाचे असते. तिसऱ्या दिवशी मिळालेला अंदाज नवव्या-दहाव्या दिवशी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारावा, आणि प्रत्येक वेळी ती वही डॉक्टरांसमोर उघडावी.